प्लेसमेंटच्या फाइलमधले पेपर कुणी वाचतं का?

माणगंगा (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात माझी प्रोफेसरपदाची प्लेसमेंट, म्हणजे बढती, झाली. कॅस, म्हणजे करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, वेतनाच्या लेव्हल १३ए वरून १४. सरकारी कागदात तिला स्थाननिश्चिती म्हणतात. निकाल माझ्या बाजूनं लागला, घरी पेढे आले, स्टाफरूममध्ये अभिनंदन झालं. तरी त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून इथं लिहितेय.

मी ग्रामीण भागातल्या एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. फाइल तयार करायला मला पाच महिने लागले. दोन बॉक्स फाइली, ४१२ पानं, प्रत्येक पानावर ‘ट्रू कॉपी’चा शिक्का आणि प्राचार्यांची सही, प्रत्येक पेपरला, म्हणजे शोधनिबंधाला, वेगळ्या रंगाचा फ्लॅग, वर अनुक्रमणिका. असे सहा संच. झेरॉक्सवाल्यानं शेवटी दुकानात एक कोपराच माझ्या गठ्ठ्यांसाठी रिकामा ठेवला होता.

मुलाखत सात मिनिटं चालली. विषयतज्ज्ञ दोन. एकांनी फ्लॅग धरून पानं उलटली. “आयएसएसएन दाखवा.” दाखवला. “हे तेव्हा केअर यादीत होतं ना? त्याचा प्रिंट?” दाखवला. (आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा क्रमांक, केअर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, यूजीसीची, मान्य नियतकालिकांची तेव्हाची यादी.) “पहिल्या लेखक तुम्हीच?” हो. दुसऱ्यांनी माझी एकूण सेवा विचारली. झालं. माझ्या दहा पेपरांपैकी एकाचंही शीर्षक कुणी मोठ्यानं वाचलं नाही.

त्या दहांतल्या दोन पेपरांविषयी सांगते.

पहिला शेळ्यांच्या आठवडी बाजारावरचा. माणदेशातल्या एका बाजारात मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी दोन वर्षं जाऊन बसत होतो. भाव, वजनाचा अंदाज, दलाली, वाहतूक, सगळं वहीत लिहून घेतलं. पेपर एका नियतकालिकाला पाठवला. सात महिन्यांनी परीक्षकाचा अभिप्राय आला, चार पानी. त्यात एक प्रश्न होता: “तुम्ही नोंदवलेला भाव तोंडी सांगितलेला आहे की रुमालाखालचा?” मी खुर्चीतच बसून राहिले. बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतो हे मी लहानपणापासून बघत आले होते, आणि तरीही वहीत लिहिले होते ते विकणाऱ्यानं चारचौघांत मोठ्यानं सांगितलेले आकडे. पुन्हा बाजारात गेले. ६१ व्यवहारांत घेणाऱ्याला वेगळं, विकणाऱ्याला वेगळं गाठून विचारलं. निष्कर्ष बदलला. दलालाच्या वाट्याला मी धरलं होतं त्यापेक्षा बरंच जास्त जात होतं. पाठवल्यापासून छापून यायला अडीच वर्षं लागली. तो परीक्षक कोण हे मला आजही माहीत नाही. माझ्या नोकरीत माझं काम इतक्या नीट वाचणारा तो एकच माणूस.

दुसरा पेपर एका चर्चासत्राच्या विशेषांकातला. १५०० रुपये भरले, चौथ्या दिवशी स्वीकृतीचं पत्र आलं, अभिप्राय एका ओळीचाही नाही. माझ्या मूल्यांकन काळात तीन पेपर हवे होते आणि एक कमी पडत होता, म्हणून तो दिला. त्याची मला खंत आहे.

फाइलमध्ये दोघांनाही प्रत्येकी १० गुण मिळाले.

इथं विद्यापीठांत काम करणारे, नियतकालिकं चालवणारे, परदेशात शिकवणारे बरेच जण आहेत. शिक्षकाच्या बढतीत त्याचं काम कुणीतरी वाचायला हवं, त्याच्याच विषयातल्या माणसानं वाचायला हवं, असं मला मनापासून वाटतं. हे आपल्याकडे कसं घडवता येईल?

-----

खडूफळा

मॅडम, आधी अभिनंदन. रुमालाचा किस्सा बायकोला वाचून दाखवला.

शिक्षणक्षेत्राबाहेरच्यांसाठी थोडं नियमांचं सांगतो, नाहीतर १० गुण कुठून आले ते कळायचं नाही. सगळ्याचा पाया यूजीसीचं १८ जुलै २०१८ चं नियमन. राज्यानं ते ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयानं सातव्या वेतन आयोगासोबत लागू केलं. त्याआधी २०१० पासून एपीआय, म्हणजे कामगिरीच्या गुणांचा तक्ता, होता, तेव्हा प्रत्येक व्याख्यानाचा आणि प्रत्येक समितीचाही गुण मोजायचा. २०१८ मध्ये शिकवण्याचा भाग सोपा झाला. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० असतील तर ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. संशोधनाचा तक्ता मात्र राहिला. विज्ञान शाखांत पेपरला ८, भाषा-सामाजिक शास्त्रांत १०. राष्ट्रीय प्रकाशकाचं पुस्तक १०, आंतरराष्ट्रीय १२, संपादित पुस्तकातलं प्रकरण ५. पीएचडीचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की १०. कॉलेजात प्रोफेसर व्हायला १० पेपर आणि एकूण ११० गुण.

आता सहलेखनाची गंमत बघा. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. मी एक पेपर लिहिला, मित्रानं एक लिहिला, दोघांनी एकमेकांची नावं घातली, की प्रत्येकाच्या खात्यात ७ अधिक ७, म्हणजे १४. एकट्यानं लिहिला असता तर १०. तिघांनी असंच केलं तर पहिल्या लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना ३० टक्के, म्हणजे प्रत्येकी ७ अधिक ३ अधिक ३, तेरा. शिवाय पेपरांची संख्या दुप्पट-तिप्पट होते ती वेगळीच. यात नियम कुठंच मोडत नाही. कागदावर सगळं स्वच्छ. तक्ताच असा असेल तर माणसं तशी वागणार, आणि जो प्रामाणिकपणे एकटा बसून लिहितो तो मागं पडणार. माझ्या डोळ्यांसमोर मागं पडलेले दोघं आहेत, दोघंही माझ्यापेक्षा कितीतरी चांगले अभ्यासक.

-----

तासिकावाला

वाचतोय. पण एक सांगतो, तुमच्या फाइलचा निदान फ्लॅग धरून कुणी पान उलटतं. मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांच्या पैशांवर, शिकवतोय. पीएचडी आहे, सेट ही पात्रता परीक्षा पास आहे, सात पेपर आहेत. बढतीसाठी पूर्वीची सेवा धरायची तर तेव्हाचा पगार नियमित शिक्षकाच्या दरमहा एकूण पगारापेक्षा कमी नसावा, असं त्याच २०१८ च्या नियमनात लिहिलंय. तासिकेच्या पैशांत ते कधी बसणार? उद्या नेमणूक झाली तरी ही अकरा वर्षं शून्य.

धागा भरकटवायचा नाही. पण ‘काम कुणी वाचत नाही’ म्हणताना आमच्याकडेही बघा.

-----

माणगंगा

सर, धागा अजिबात भरकटत नाही. आमच्या विभागात दोन तासिकेवरचे शिक्षक आहेत, बाजाराच्या कामातले अर्धे तक्ते त्यांच्यातल्या एकानं तपासून दिलेत. हे मी मूळ धाग्यात लिहायला हवं होतं.

-----

निवृत्त_कारकून

मी एका विद्यापीठाच्या शिक्षक मान्यता कक्षात २६ वर्षं काढली. मॅडमचा अनुभव खरा आहे, तो कमी लेखत नाही. पण गुणांचा तक्ता का आला हेही कुणीतरी सांगायला हवं.

२०१० च्या आधी समित्या कशा बसत हे मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलंय. उमेदवार कुणाचा विद्यार्थी, कुणाच्या गटातला, संस्थाचालकांशी त्याचं जमतं की नाही, यावर शेरा ठरायचा. ‘शिफारस नाही’ एवढे दोन शब्द. का नाही, ते कुठंच नाही. एका बाईंची फाइल अशी तीनदा परत गेली. तिचं काम उत्तम होतं, हे समितीतलेच लोक नंतर चहाच्या वेळी बोलायचे. तिनं दाद कशाच्या जोरावर मागायची? आकडा नव्हताच. तक्ता आला आणि साध्या, ओळखी नसलेल्या शिक्षकाच्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलं. माझे इतके गुण होतात, मग नाकारता कसे, असं तो विचारू लागला. कोर्टातही हाच आकडा उपयोगी पडला.

तुम्ही म्हणता तज्ज्ञानं वाचावं. वाचून तो म्हणाला, काम हलकं आहे, तर? तेव्हा तुम्ही काय दाखवणार? वाचण्याचा अधिकार दिला की नाकारण्याचा अधिकारही त्याच हातात जातो. मी त्याला घाबरतो, कारण तो कसा वापरला गेला ते पाहिलंय.

दुसरं, प्रत्यक्षातला भाग. नियमन सांगतं की अर्ज आल्यापासून सहा महिन्यांत प्रक्रिया पूर्ण करा आणि वर्षातून दोनदा परिपत्रक काढून अर्ज मागवा. सहा महिने कुठंही पाळलेले मी पाहिले नाहीत. फायली साचतात, मग कॅम्प लावतात, एका दिवसात चाळीस-पन्नास उमेदवार. विषयतज्ज्ञ सकाळी सातला घरून निघतो, संध्याकाळी परततो. त्यानं वाचायचं कधी?

-----

माणगंगा

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या बाईंचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही दाखवलेला धोका मी लक्षातच घेतला नव्हता, कारण मी तक्त्याच्या काळातच वर चढले.

मग असं करता येईल का? गुण राहू द्यावेत. पात्रता गुणांवरच ठरावी. मात्र तज्ज्ञानं उमेदवारानं निवडलेले दोन पेपर आधी वाचावेत, त्यावर पानभर लिहावं, आणि ते पान उमेदवाराला मिळावं. नाकारायचं असेल तर कारण त्या पानावर हवं.

-----

शाईपेन

आता मी लिहितो, कारण पीअर रिव्ह्यूच्या, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयातल्या माणसांकडून लेख तपासून घेण्याच्या, दुसऱ्या टोकाला मी बसतो. एका छोट्या मराठी संशोधन नियतकालिकाचं संपादन बारा वर्षं करतोय. वर्षाला चार अंक, वर्गणीदार चारशेच्या आतबाहेर, कार्यालय म्हणजे माझ्या घरातली एक खोली.

लेख आला की आधी मी वाचतो. मग लेखकाचं नाव काढून दोन परीक्षकांकडे जातो. मानधन नाही. दहा जणांना विचारावं तेव्हा दोघं हो म्हणतात, आणि त्या दोघांतला एक तीन महिने फोन उचलत नाही. तरी जो वाचतो तो असा वाचतो की बघत राहावं. एका लेखातल्या तळटीपेसाठी एक परीक्षक स्वतःच्या खर्चानं एसटीनं दप्तरखान्यात जाऊन आले आणि लिहिलं, ‘हा कागद सांगितलेल्या रुमालात नाही, शेजारच्या रुमालात आहे.’ (दप्तर बांधायच्या फडक्यालाही रुमालच म्हणतात, मॅडमच्या रुमालाशी त्याचा संबंध नाही.) या माणसाला त्याच्या कॉलेजनं या वाचनाचा कधी एक गुण दिला नाही. तक्त्यात परीक्षण करण्याला जागाच नाही.

यादीचा इतिहास मी अंगावर झेललाय. २०१७ मध्ये यूजीसीनं मान्य नियतकालिकांची यादी आणली, विद्यापीठांच्या शिफारशींनी ती फुगली. मे २०१८ मध्ये त्यातली ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी आली, तीत विद्यापीठांच्या शिफारशीनं शिरलेली हजारावर नियतकालिकं पाहिली होती, त्यांतली सुमारे ८८ टक्के निकषांत बसली नाहीत. मग केअर. जून २०१९ मध्ये यादी सुरू झाली, तिचा कक्ष पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात. हेतू चांगला होता आणि सुरुवातीला कामही झालं. पण यादी निघाली की बाजार यादीभोवती गोळा होतो. नावाजलेल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइट निघाल्या, त्यांवर पैसे भरणारे शिक्षक फसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं केअर यादी बंद केली. आता नियतकालिक चांगलं की नाही हे संस्थांनी ठरवावं, मार्गदर्शनासाठी निकष दिलेत.

लोकांना वाटलं सुटलो. मला उलटी काळजी लागली. आमच्यासारख्या मराठी नियतकालिकांना यादीत शिरताना नाकी नऊ आले होते, वेबसाइट हवी, संपादक मंडळाचे तपशील हवेत, परीक्षणाची पद्धत लिहून हवी. ते केलं, आणि त्यातून आमचीच शिस्त वाढली हेही कबूल करतो. आता प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवणार, आणि ठरवताना स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीत आहे का एवढंच विचारणार. मराठीतून अर्थशास्त्र, भाषा, समाजशास्त्र लिहिणारी पत्रं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. ‘समाज प्रबोधन पत्रिका’ घ्या, ‘भाषा आणि जीवन’ घ्या. त्यांत छापून आलेला लेख वाचायला त्या विषयाचा, मराठी वाचणारा माणूसच लागतो. यादी होती तेव्हा निदान नाव दाखवून काम भागायचं. आता वाचण्यावाचून इलाज नाही. म्हणून मॅडमचा प्रस्ताव मला वेळेवर आलेला वाटतो.

आणि मॅडम, शेळीबाजाराचा लेख मराठीत केलात तर पाठवा. परीक्षण होईल, सूट मिळणार नाही.

-----

पश्चिमकिनारा

मी अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते, मूळची कोल्हापूरची. इथली पद्धत थोडक्यात लिहिते. थेट उचलावी म्हणून नाही, ताडून पाहता यावी म्हणून.

इथं नेमणूक झाली की टेन्युअरचं, म्हणजे नोकरी कायम होण्याचं, घड्याळ सुरू होतं. अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेच्या १९४० च्या निवेदनानं परिवीक्षेची कमाल मर्यादा सात वर्षं सांगितली, बहुतेक ठिकाणी सहाव्या वर्षी फाइल जाते. मधे तिसऱ्या वर्षी एक आढावा. फाइलचं हृदय म्हणजे बाहेरची पत्रं. माझ्या वेळी विभागानं सहा जणांना लिहिलं, सगळे दुसऱ्या विद्यापीठांतले, माझ्यासोबत कधी न लिहिलेले, माझे गुरू नसलेले. त्यांना माझं पुस्तक आणि तीन लेख पाठवले आणि तीन महिने दिले. प्रत्येकानं तीन-चार पानं लिहिली. मग विभागाचं मतदान, त्यावर महाविद्यालयाची समिती, मग प्रोव्होस्ट, म्हणजे विद्यापीठाचे शैक्षणिक प्रमुख. प्रत्येक पायरीवर लेखी कारण.

चांगलं काय, तर वाचलं जातं. माझ्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण कमकुवत आहे असं एका पत्रात होतं, विभागप्रमुखांनी नाव न सांगता मला ते कळवलं. खरं होतं ते. पुढच्या आवृत्तीत मी ते पुन्हा लिहिलं.

वाईट काय, तर निवृत्त_कारकून काका म्हणतात ते इथंही घडतं. पत्रं गोपनीय, त्यामुळे आकस लपतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये एका शिक्षिकेला टेन्युअर नाकारलं, तिनं भेदभावाची तक्रार केली, समान रोजगार संधी आयोगानं परीक्षणाची कागदपत्रं मागितली. ती गोपनीय आहेत, देणार नाही, असं विद्यापीठ म्हणालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी १९९० मध्ये न्यायालयानं एकमतानं सांगितलं की भेदभावाच्या चौकशीत या कागदांना असा खास पडदा नाही. तेव्हा ओरड झाली की आता कुणी खरं लिहिणार नाही. पत्रं आजही लिहिली जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर लिहिणाऱ्याची ओळख झाकून पत्राचा मजकूर उमेदवाराला मिळू शकतो. मला ही मधली वाट योग्य वाटते. नाव झाकलेलं, मजकूर उघडा.

एक मात्र लक्षात घ्या. इथं एका फाइलवर वर्षभर काम चालतं. चाळीस उमेदवारांच्या कॅम्पमध्ये हे जमणार नाही.

-----

मांडवीकाठ

गोव्यातून. नाव झाकायचं म्हणता, पण आमच्याकडे ते झाकलं तरी झाकत नाही. १९८५ पासून गोवा विद्यापीठ हे राज्याचं सरकारी विद्यापीठ. एखाद्या लहान विषयात राज्यात शिक्षक पंधरा, सगळे एकमेकांच्या लग्नाला गेलेले. विषय वाचला की लेखक कळतो आणि वाक्य वाचलं की परीक्षक कळतो. वाचणारा राज्याबाहेरचाच हवा, ही अट प्रस्तावात घाला. सावंतवाडी-कोल्हापूरचं माणूस मिळालं तरी पुरे.

-----

निवृत्त_कारकून

पश्चिमकिनारा ताई, छान लिहिलंत. आपल्याकडच्या न्यायालयांचंही थोडं सांगतो.

२००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवायलाच हवा. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे शेरा उघडा. उलट २०१२ मध्ये बिहार लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात मुलाखत मंडळाच्या सदस्यांची नावं माहिती अधिकारात देण्याची गरज नाही असं ठरलं, त्यांच्या सुरक्षिततेसाठी. म्हणजे नाव झाकलेलं. ताई म्हणतात ती मधली वाट आपल्याच निकालांत बसते.

मॅडम, माझा विरोध आता अर्धा उरला. पात्रता गुणांवर राहणार असेल आणि पान उमेदवाराच्या हातात पडणार असेल, तर मला चालेल. पण विद्यापीठाकडे जाऊ नका, तिथं अधिसभा, विद्या परिषद, परिनियम यांत दोन वर्षं जातील. कॉलेजच्या आयक्यूएसीत, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात, जा. फाइलची पहिली छाननी तिथंच होते. फाइलच्या वर काय जोडायचं हे आयक्यूएसी ठरवू शकते, त्याला कुणाची मान्यता लागत नाही. उमेदवारानं दोन पेपर आणि त्यांवर स्वतः लिहिलेलं एक पान बॉक्सच्या वर ठेवावं. तज्ज्ञाला ४१२ पानं वाचा म्हणून सांगता येत नाही, पण वर ठेवलेलं एक पान माणूस वाचतोच. २६ वर्षांचा अनुभव आहे.

-----

खडूफळा

हे पटलं. त्या पानात काय असावं? नाहीतर त्याचंही लगेच छापील प्रोफॉर्मा होईल, रकाने भरा आणि सही करा.

-----

माणगंगा

मी चारच गोष्टी धरल्यात. प्रश्न काय होता. उत्तर शोधायला नेमकं काय केलं, कुठं गेले, कुणाला विचारलं. परीक्षकानं काय हटकलं आणि त्यानं काय बदललं. अजून काय कळलेलं नाही. रकाने नाहीत, साध्या वाक्यांत, हातानं लिहिलं तरी चालेल, मराठीत लिहिलं तरी चालेल.

तिसरा मुद्दा मी मुद्दाम घातलाय. ज्या पेपरला कुणी हटकलंच नाही त्याच्याविषयी तिथं लिहायला काही नसतं. माझा १५०० रुपयांचा पेपर मी या पानावर आणूच शकले नसते.

-----

नवा_सहायक

मी तीन वर्षांपूर्वी लागलो, लेव्हल १०. यूजीसीनं जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमनाचा मसुदा काढला, त्यात गुणांऐवजी नऊ क्षेत्रांतलं उल्लेखनीय योगदान आहे, त्यांतल्या किमान चारांत काम दाखवायचं. मसुद्यावर कुलगुरू निवडीवरून बराच वाद झाला, पण हा भाग माझ्या पिढीला जास्त लागणार. ‘उल्लेखनीय’ कुणी ठरवायचं? मला निवृत्त_कारकून सरांची भीती इथं खरी वाटते. त्यामुळे लेखी कारणाची सवय आतापासूनच लागली तर बरं.

विचारायचं होतं, वरचं चार मुद्द्यांचं पान मी माझ्या पहिल्या प्लेसमेंटला लावू का? लेव्हल ११ ला आमच्याकडे पेपर लागत नाहीत.

-----

माणगंगा

जरूर लावा. लागत नसताना लावलेलं तर आणखी चांगलं वाचलं जाईल. लिहून झालं की मला दाखवा, मी वाचीन.

-----

तासिकावाला

माझंही पान लिहिलंय. फाइल नाही, पण लिहिलंय. शाईपेन सरांना लेखासोबत पाठवतोय.

-----

शाईपेन

मिळाला. परीक्षकांकडे गेला. उत्तर तीन-चार महिन्यांत, सबुरी ठेवा.

-----

माणगंगा

साडेतीन महिन्यांनी लिहितेय, धागा वर काढल्याबद्दल क्षमा.

आयक्यूएसीच्या बैठकीत विषय मांडला. प्राचार्य आधी म्हणाले, आणखी एक कागद कशाला. मग मी माझं शेळीबाजाराचं पान त्यांना वाचायला दिलं. त्यांनी बैठकीतच वाचलं आणि विचारलं, “मग रुमालाखालचा भाव तुम्हाला खरा कोण सांगणार? दोघांनी खोटं सांगितलं तर?” त्यावर आमची वीस मिनिटं चर्चा झाली. ठराव झाला, सक्तीचा नाही, ऐच्छिक.

गेल्या आठवड्यात आमच्या इतिहासाच्या सरांची मुलाखत होती, १२ वरून १३ए. त्यांचं काम एका पाटीलकी वतनाच्या कागदांवर आहे. त्यांच्या टप्प्याला पेपरांची अट नव्हती, तरी त्यांनी दोन पेपर आणि पान बॉक्सच्या वर लावलं. सर आत गेले तेव्हा मी बाहेर बाकावर होते, दार अर्धवट उघडं. तज्ज्ञांनी पान वाचलं असावं, कारण थोडा वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, “मोडी तुम्ही स्वतः वाचता की वाचून घेतलीत?”

सर म्हणाले, स्वतः वाचतो.

“मग हा वाचा.” त्यांनी परिशिष्टातली मूळ कागदाची झेरॉक्स पुढं सरकवली. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत एका शब्दाशी थांबले, तर तज्ज्ञ खुर्चीतून उठून त्यांच्या बाजूला आले, आणि दोघं कागदावर वाकून तो शब्द लावू लागले.